अठरा मिनिटे मागे

मित्रांनो, मी एक जुने मनगटी घड्याळ आहे, आणि सुरुवातीलाच कबूल करून टाकतो, मी मागे पडणारे घड्याळ आहे. काही घड्याळे पुढे धावतात, ती उतावळी. काही बंद पडतात, ती बिचारी. मागे पडणारे घड्याळ मात्र दिसायला मोठे शहाणे असते. काटे फिरत असतात, टिकटिक चालू असते आणि ते सगळ्यांना बिनदिक्कत खोटे सांगत असते. माझ्या हातून आयुष्यात एकच मोठी चूक झाली, अठरा मिनिटांची. ती कुणाला भोगावी लागली, ते सांगायला आज बसलो आहे.

माझा जन्म दूर दक्षिणेत, घड्याळांच्या एका मोठ्या कारखान्यात झाला. पांढरे कोट घातलेल्या मुली रांगेने बसून आम्हाला जोडत. माझ्या पोटात चाके झिजू नयेत म्हणून बसवलेले सतरा खडे, तबकडी दुधासारखी पांढरी आणि काटे निळसर. सकाळी एकदा चावी दिली की दुसऱ्या सकाळपर्यंत माझी काळजी करायची गरज नसे. नवा होतो तेव्हा माझा तोरा काय सांगू तुम्हाला! दुकानाच्या काचेतून मी रस्त्यावरच्या माणसांकडे बघायचो, जसे काही ते सगळे माझ्याच तालावर चालले आहेत.

तापीकाठच्या गावांत लग्नात सासरा जावयाला घड्याळ आणि अंगठी देतो. जमनाबाईच्या वडिलांनी मला शहाद्याला घेतले आणि मी तिच्या नवऱ्याच्या, चुनीलालच्या मनगटावर चढलो. चुनीलाल जवळच्याच एका साखर कारखान्यात उसाच्या वजनकाट्यावर कामाला होता. उसाच्या गाड्या तोलायच्या काट्यापेक्षा त्याला माझ्या दोन काट्यांचा अभिमान जास्त. कुणी वेळ विचारली की तो बाही मागे सारायचा, मान जरा तिरकी करायचा आणि मिनिटासकट वेळ सांगायचा. कारखान्याच्या वसाहतीत त्याला सगळे ‘टाईमवाले भाऊ’ म्हणत.

मग दामिनी झाली. ती तीन वर्षांची असताना चुनीलालने मला पहिल्यांदा तिच्या कानाला लावले.

“ऐक, काय म्हनी ऱ्हायनं ते?”

“टिक टिक,” ती म्हणाली.

“नीट ऐक. दामि-नी, दामि-नी म्हनी ऱ्हायनं.”

तिने डोळे मोठे करून ऐकले आणि तिला ते खरेच ऐकू आले. त्या दिवसापासून ती रोज सकाळी अंघोळ झाली की पळत यायची आणि माझ्यावर कान ठेवायची. पाच वर्षांची झाल्यावर मला चावी द्यायचे काम तिच्याकडे आले. अंगठा आणि पहिले बोट, वीस वेढे, एकही कमी नाही. शेवटच्या वेढ्याला चावी जड होते, तिथे थांबायचे असते. मोठमोठ्या माणसांना ते कळत नाही, तिला कळले. माझ्या अंगाला पुष्कळ हात लागले, पण तिच्या बोटांसारखी समजूतदार बोटे मी पाहिली नाहीत.

ती नऊ वर्षांची असताना मला पहिल्यांदा तेलपाण्याची गरज पडली. नंदुरबारच्या बाजारात इमॅन्युएल नावाचा कारागीर बसत असे. नवापूरकडच्या डोंगरातल्या गावचा, हाताने शांत आणि तोंडानेही शांत. एक लाकडी टेबल, त्यावर काचेची पेटी आणि डोळ्याला लावायचे काळे भिंग, एवढेच त्याचे दुकान. त्याने माझ्या पाठीचे झाकण उघडले. समोर दामिनी टेबलाला हनुवटी टेकवून उभी होती. त्याने भिंग तिच्या डोळ्याला लावले.

“श्वास धरून बघ, पोरी.”

तिने बघितले. माझे ते छोटे चाक इकडून तिकडे हलत होते आणि त्याच्यावर केसाहून बारीक स्प्रिंग आवळत होती, सैल होत होती. दामिनी इतका वेळ श्वास धरून उभी राहिली की शेवटी इमॅन्युएललाच म्हणावे लागले, “आता घे.” मित्रांनो, माणसाला एखाद्या गोष्टीची ओढ कधी लागते ते बहुधा त्याला स्वतःला आठवत नाही. दामिनीची ओढ मात्र मी आतून पाहिली आहे. भिंगामागे तिचा एक डोळा होता, ओला आणि चमकता.

जाण्याआधी इमॅन्युएलने तिला आणखी एक गोष्ट दाखवली. घड्याळ दुरुस्त केले की कारागीर झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने तारीख कोरतो. मालकाला ते कधी दिसत नाही. पुढच्या वेळी झाकण उघडणाऱ्या दुसऱ्या कारागिरासाठी तो निरोप असतो. दामिनीला याची फार गंमत वाटली. “म्हणजे घड्याळाच्या पोटात चिठ्ठी!” ती म्हणाली.

“दर तीन वर्षांनी आणा, दादा,” इमॅन्युएलने चुनीलालला बजावले. “तेल सुकलं की हे मागे पडणार.”

चुनीलालने मान डोलावली आणि पुन्हा काही मला तिकडे नेले नाही. कारण ऐकाल तर हसाल. “तीन दिन हाई तठे ऱ्हायनं ते कारखानाले टाईम कोन देई?” असे तो म्हणायचा. आणि गंमत म्हणजे ते खोटेही नव्हते.

आमच्या वसाहतीचे सगळे जगणे कारखान्याच्या भोंग्यावर चाले. आठचा भोंगा झाला की पाळी बदलायची, चुली पेटायच्या, मुले शाळेला निघायची. भोंगा वाजवायचा आमशा. तो सातपुड्यातला, होळीला न चुकता काठी गावी जाणारा. बॉयलरजवळच्या उष्णतेने त्याचे टेबलावरचे घड्याळ कधी पळे, कधी बसे, म्हणून तो रोज कामावर आल्या आल्या चुनीलालला वेळ विचारून ते लावून घेई. टाईमवाल्या भाऊची वेळ चुकेल कशी? इकडे चुनीलाल घरी असला की भोंगा ऐकून मला लावून घेई. कारखान्याचा भोंगा चुकेल कसा? अशी दोघांनी एकमेकांना विचारून खात्री करून घेतली होती आणि दोघांनाही ते ठाऊक नव्हते. पुरुषोत्तमनगरच्या दुसऱ्या साखर कारखान्याचा भोंगा ऐकू येण्याइतके आम्ही जवळ नव्हतो. रेडिओवरच्या बातम्या लवकर लागल्या तर वसाहतीतली माणसे म्हणत, रेडिओला घाई झाली आहे.

हे सगळे ओळखले ते एकट्या दामिनीने. मी दिवसाला अर्धे मिनिट मागे पडत होतो आणि माझ्यामागे सगळी वसाहत. तिने एकदा बापाला सांगून पाहिले. शेजारी बसले होते, त्यांच्यासमोरच ती म्हणाली, “बापू, हाई मांगे शे.” चुनीलालचा चेहरा उतरला. “तू माले टाईम शिकाडस का?” एवढेच तो म्हणाला, पण त्या दिवशी कुणी वेळ विचारली तरी त्याने बाही मागे सारली नाही.

पुन्हा तिने ते तोंडातून काढले नाही. त्याऐवजी ती रोज सकाळी चावी देताना रेडिओवरच्या बातम्यांआधीचे ‘पीप पीप’ ऐकायची आणि हळूच माझा मोठा काटा अर्ध्या मिनिटाने पुढे ढकलायची. झाले! मी बरोबर, मग आमशा बरोबर, मग भोंगा बरोबर. पाच वर्षे त्या वसाहतीची वेळ एका मुलीच्या दोन बोटांत होती. हे कुणाला कळले नाही. चुनीलालची मान तिरकीच राहिली आणि ती तशी राहावी एवढेच तिला हवे होते. ती कॉलेजला शहाद्याला राहू लागली तरी दर रविवारी येऊन आठवड्याचा हिशेब पुरा करून जायची.

बारावीच्या वर्षी तिला कुठूनशी एक बातमी लागली. जिथे मी जन्मलो त्या दक्षिणेतल्या कारखान्याची प्रशिक्षणशाळा होती, तिथे मुलींनाही घेत. तिने अर्ज केला आणि परीक्षेचे बोलावणे आले. चुनीलालने ते पत्र वसाहतीत दारोदार दाखवले. मला मनगटावरून काढून तिच्या तळहातावर ठेवले आणि म्हणाला, “शिकीसन ये. मंग हाई घड्याळ तूच उघडजो.” माझ्या अंगावर शहारा आला म्हणा ना. सतरा खड्यांचा शहारा.

पण आधी बारावीची परीक्षा होती. त्यासाठी ती छत्तीस दिवस घरी आली नाही. मधे होळी आली, आमशा काठीला गेला, परत आल्यावर त्याचे घड्याळ बंद पडलेले होते. त्याने चुनीलालला वेळ विचारली आणि चुनीलालने मला बघून सांगितली. छत्तीस दिवस, दिवसाला अर्धे मिनिट. तुम्हाला गणित येत असेलच.

निघायच्या आदल्या संध्याकाळी ती घरी आली. सकाळी सवयीने माझ्याकडे हात पुढे केला, तर चुनीलालने मला उंच धरले. “आज तू पाव्हनी शे. आज चावी मी दिसू.” वीस वेढे त्यानेच दिले, मोजून, हसत हसत. अंगणात शेजारीपाजारी जमले होते. गावातली जीप आठच्या भोंग्याला निघणार होती, गाडी नंदुरबारहून नऊ पस्तीसला. जमनाबाई दामिनीच्या तळहातावर दही-साखर ठेवत असताना म्हणाली, “रेडिओवर बातम्या सरी बी गयात!”

“रेडिओले कायम घाई ऱ्हास,” चुनीलाल म्हणाला. “आजून भोंगा वाजना नही.”

सगळे हसले. दामिनी हसली नाही. तिने माझ्याकडे पाहिले. तिला कळले की मी मागे आहे. किती, तो छत्तीस दिवसांचा हिशेब त्या गडबडीत तिने केला नाही. असतील पाच-सहा मिनिटे, असे तिने मनात धरले असावे. एवढ्या माणसांसमोर, आजच्या दिवशी, बापाला पुन्हा तेच कसे सांगायचे? तिने दही-साखर खाल्ली आणि पायाशी वाकली. मला त्या क्षणी ओरडता आले असते तर! पण मला एकच शब्द येत होता, तिचे नाव. ते मी म्हणत राहिलो.

आम्ही स्टेशनच्या दारात शिरलो तेव्हा गाडीचा शेवटचा डबा फलाटाबाहेर जात होता. माझ्या तबकडीवर नऊ बावीस झाले होते. वर टांगलेल्या स्टेशनच्या घड्याळात नऊ चाळीस. चुनीलालने आधी वर पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, मग पुन्हा वर. मी त्याच्या मनगटावर होतो, त्याची नाडी मला लागत होती. ती तेव्हा माझ्याहून दुप्पट वेगाने चालली होती.

दामिनीने पिशवी खाली ठेवली आणि म्हणाली, “बापू, स्टेशननं घड्याळ पुढे शे. गाडीबी लवकर सोडी दिधी त्यासनी.”

घड्याळावर जीव असणाऱ्या मुलीने घड्याळाबद्दल खोटे बोलावे, यासारखे दुसरे दुःख मला माहीत नाही. चुनीलालने बाही ओढून मला झाकले.

पुढची गाडी धरून परीक्षेला वेळेवर पोहोचता येत नव्हते. पत्र लिहिले, उत्तर आले, जागा भरल्या होत्या. पुढच्या वर्षी मुलींचा तो वर्गच निघाला नाही. दामिनीने शिक्षिकेचा अभ्यास केला आणि ती धडगावच्या शाळेत लागली.

त्या गाडीनंतरच्या मंगळवारी चुनीलाल मला घेऊन एकटाच नंदुरबारला गेला. कारखान्याला तीन दिवस वेळ कोण देईल, हे त्याने त्या दिवशी विचारले नाही. इमॅन्युएलने मला उघडले, तेल सुकून चिकट झालेले दाखवले. मला पूर्ण खोलून माझे तुकडे पेट्रोलच्या वाटीत टाकले. तेवढ्यात चुनीलाल टेबलावर वाकून त्याच्याशी हळू आवाजात काही बोलला. काय बोलला ते मला माहीत नाही, वाटीत पडलेल्या चाकांना कुठले कान असणार? एवढे खरे की पुन्हा जोडला गेलो तेव्हा इमॅन्युएल माझे झाकण हातात घेऊन सुईने नेहमीपेक्षा खूप वेळ कोरत होता. आपल्याच पाठीवर काय लिहिले आहे ते कुणाला वाचता येते? मलाही आले नाही. त्यानंतर दर तीन वर्षांनी चुनीलाल न चुकता मला तिथे नेई आणि प्रत्येक वेळी विचारी, “पुसायनं नही ना?” इमॅन्युएल म्हणे, “नाही, दादा.”

आणि दामिनी? धडगावच्या तिच्या घरात भिंतीवर एक लाकडी पेटी आहे, त्यात चौदा घड्याळे. सुरतेच्या जुन्या बाजारात सापडलेले पातळ स्विस घड्याळ, एका रेल्वे गार्डचे खिशातले घड्याळ, कुणाच्या आजोबांचे चांदीचे. एकेक तिने शोधून, निवडून आणले. इमॅन्युएलकडे सुट्टीत बसून ती काम शिकली. वर्गातली पावरा-भिल्लांची पोरे पाळीपाळीने तिच्या घड्याळांना चावी देतात आणि ती त्यांच्या कानाला घड्याळ लावून विचारते, काय म्हणतंय? प्रत्येकाला आपापले नाव ऐकू येते. बदलीने आलेले साहेबसुद्धा तिच्याकडे आपले घड्याळ विश्वासाने सोडून जातात.

फक्त मला तिने कधी उघडले नाही. सुट्टीला आली की ती हात पुढे करायची, “बापू, आना, तेलपानी करी देस.” आणि चुनीलाल मनगट छातीशी धरायचा. “याले हात लावू नको.” आवाज कधी चढला नाही त्याचा, पण दामिनीचा हात तसाच मागे जायचा. तिने मनाशी काय समजून घेतले असेल? शिकून आलीस तर उघड, असे बापाने म्हटले होते. ती शिकून आली नाही. म्हणून बापाला आपल्या हातांचा भरवसा नाही. साऱ्या अक्राणी तालुक्याची घड्याळे उघडणारी ती, बापाच्या घड्याळापुढे परकी झाली. इमॅन्युएलनेही तोंड उघडले नाही, कारागीर दुसऱ्याच्या पोटातली चिठ्ठी वाचून दाखवत नाही. मी त्या दोघांच्या मधे टिकटिक करत बसलो. मला वाटायचे, एक जण तरी बोला रे! सत्तावीस वर्षांत कुणी बोलले नाही.

चुनीलाल गेला त्या दिवशीही मी त्याच्या मनगटावर होतो. जमनाबाईने मला काढून स्टीलच्या डब्यात ठेवले, वर तांदूळ. मी त्याच रात्री बंद पडलो. दीड वर्ष मी त्या डब्यात होतो. तिला दोष देणार नाही, नवऱ्याची एवढीच वस्तू तिच्याजवळ उरली होती आणि ती सोडवत नव्हती. शेवटी दिवाळीला दामिनी आली तेव्हा तिने डबा पुढे केला.

“त्यासनी सांगेल व्हतं, दामिनीले देजो. उघडीसन देख अशे सांगजो, म्हनेत.”

दामिनी मला धडगावला घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीशी उजेडात बसली, भिंग डोळ्याला लावले आणि माझ्या पाठीचे झाकण उघडले. श्वास धरून, नऊ वर्षांची असताना धरला होता तसा.

झाकणात पहिली तारीख तिच्या लहानपणची होती. तिच्याखाली त्या गाडीनंतरच्या मंगळवारची, पुढच्या साऱ्या तारखा कडेकडेने. आणि त्या तारखेखाली इमॅन्युएलच्या बारीक अक्षरात चुनीलालचे शब्द होते. तिने ते मोठ्याने वाचले, तेव्हा मलाही पहिल्यांदा कळले की इतकी वर्षे मी पाठीवर काय वागवत होतो.

“गाडी टाईमवर व्हती, पोरी. घड्याळ मांगे व्हतं.”

तिने झाकण टेबलावर ठेवले. भिंग काढले नाही, कारण त्यामागून पाणी वाहत होते. त्याला कळले होते. स्टेशनवरच कळले होते. तिच्या हातांवर त्याचा अविश्वास नव्हता, आपल्या देखत ती चिठ्ठी तिने वाचलेली त्याला नको होती. झाकणाकडे बघतच ती म्हणाली, “माले माहीत व्हतं, बापू.”

खोलीत ऐकायला मी एकटाच होतो, आणि मीही बंद.

मग तिने मला धुतले, तेल दिले, एकेक चाक जागेवर बसवले. झाकण लावण्याआधी सुई घेतली आणि बापाच्या ओळीखाली आपण आत्ता म्हटलेले तेच चार शब्द कोरले. वीस वेढे चावी दिली. मला तिने कानाला लावले, आणि मित्रांनो, मी तिला जे नेहमी म्हणायचो तेच म्हटले.

तुमच्या घरीही कुठल्या डब्यात माझ्यासारखा एखादा पडला असेल. त्याला काढा, पुसा, तेलपाणी करा. मागे पडत असेल तर चारचौघांत नको, पण सांगा. गुपचूप काटा पुढे ढकलून देऊ नका, आमची घड्याळांची तरी त्यात फार हानी होते. मी आता एक मिनिटही चुकत नाही. पाठीत दोघांची अक्षरे एकाखाली एक आहेत, मधे एका बोटाएवढेही अंतर नाही. फक्त खालची ओळ ज्याच्यासाठी लिहिली, त्याला ती वाचता येणार नाही.